विशेष गरजा असलेली बालके : बदलता कायदा, अपुरा निधी आणि आपली शाळा

(केंद्र शिक्षण परिषदेतील अभ्यासासाठी)



शाळाभेटींच्या निमित्ताने ज्या ज्या केंद्रांत जाणे होते, तेथे अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "साहेब, अपंगांचा कायदा बदलला म्हणतात, योजनेचे नावही बदलले, विशेष शिक्षकांच्या नेमणुकाही नव्याने होत आहेत. मग आमच्या वर्गातील त्या मुलाचे आता काय होणार?" प्रश्न साधा आहे आणि तो विचारणाऱ्याच्या मनात त्या मुलाविषयी कळवळा आहे, हे उघड आहे. यास्तव त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. कायदा निराळा आणि योजना निराळी. कायदा बालकाला हक्क देतो. योजना त्या हक्कासाठी पैसा पुरवते. हक्काला मुदत नसते, योजनेला असते. आपल्या मनातील बहुतेक गोंधळ आणि पालकांच्या मनातील बहुतेक भीती हा भेद न कळल्यामुळे उत्पन्न होते. योजना संपली म्हणजे मुलाचा हक्क संपला, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. तथापि पैसा न आल्यास हक्क कागदावरच राहतो, ही चिंताही खोटी नाही. या दोन्ही बाजू आपण क्रमाने पाहू.

१. पूर्वपीठिका

आपल्या देशात अपंग बालकांच्या शिक्षणाचा आरंभ स्वतंत्र शाळांतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मूकबधिरांसाठी शाळा निघाली आणि १८८७ मध्ये अमृतसर येथे अंधांसाठी. या शाळा बहुधा धर्मादाय वृत्तीने चालत. अशा बालकांना शिकविणे हे पुण्यकर्म समजले जाई. ते सरकारचे बंधनकारक कर्तव्य आहे, असे कोणी मानीत नसे. १९६४ ते १९६६ या काळात कार्य केलेल्या कोठारी आयोगाने हा विषय दयेच्या कक्षेतून काढून सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचा भाग मानावा, असा विचार ठामपणे मांडला. पुढे १९७४ मध्ये अपंग बालकांसाठी एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना सुरू झाली. ती प्रथम समाजकल्याण खात्याकडे होती; १९८२ मध्ये ती शिक्षण खात्याकडे आली. एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाणे हा केवळ कारकुनी बदल नव्हता. हे मूल आधी विद्यार्थी आहे आणि नंतर अपंग, ही त्यातील मान्यता होती.

यानंतर १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा झाला आणि तो १९९६ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली आणि १८ वर्षे वयापर्यंत अनुरूप वातावरणात मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने अपंगत्व असलेल्या बालकांचा समावेश 'वंचित गटातील बालक' या व्याख्येत झाला. शेवटी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि १९९५ चा कायदा रद्द झाला. आज आपण ज्यास 'नवा कायदा' म्हणतो तो हाच.

२. नव्या कायद्याने काय बदलले?

पहिला बदल संख्येचा आहे. सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार आले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दोष, स्नायुक्षय, बुटकेपणा, तसेच थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार यांत आहेत. शहरातील शिक्षकास सिकलसेल हा शब्द परका वाटेल. परंतु विदर्भातील अथवा नंदुरबारकडील आदिवासी भागात काम करणाऱ्या शिक्षकास तो चांगला ठाऊक आहे. वारंवार गैरहजर राहणारे, थंडीत सांधे दुखतात म्हणून रडणारे, खेळाच्या तासाला लवकर थकणारे मूल आळशी समजून आपण पूर्वी रागावत होतो. आज कायदा सांगतो की, ते मूल आपल्या विशेष लक्षाचे अधिकारी आहे. त्याला वर्ग चालू असताना पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक देणे आणि थंडीच्या दिवसांत त्याला उन्हाच्या बाजूस बसविणे, एवढ्याने त्याची उपस्थिती सुधारण्यास मदत होते. यास अनुदान लागत नाही.

दुसरा बदल शब्दांचा आहे. 'मतिमंद' हा शब्द कायद्यातून गेला आणि त्या जागी 'बौद्धिक अक्षमता' आली. शब्द बदलल्याने मूल बदलत नाही, हे खरे; परंतु वर्गात आपण जो शब्द उच्चारतो तोच दुसऱ्या दिवशी मैदानावर इतर मुलांच्या तोंडी असतो, हे कोणत्या शिक्षकास सांगावयास हवे?

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. अधिनियमाच्या कलम १६ ने शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या अथवा शासनमान्य अशा प्रत्येक शिक्षणसंस्थेवर काही कर्तव्ये टाकण्याची व्यवस्था केली आहे. भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत व परिसर वापरण्याजोगे करणे, गरजेनुसार वाजवी सोय करून देणे, अंध व बधिर बालकांना त्यांना कळेल अशा भाषेत व पद्धतीने शिकविणे, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे, प्रत्येक बालकाच्या प्रगतीवर नजर ठेवणे आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी वाहतूक व मदतनीस यांची व्यवस्था पाहणे, अशी ही कर्तव्ये आहेत. तालुक्याच्या गावच्या मोठ्या शाळेइतकीच ती वाडीवरील दोनशिक्षकी शाळेलाही लागू आहेत.

३. टक्केवारीचा गोंधळ

येथे एक मोठी चूक सर्वत्र आढळते. "प्रमाणपत्र आणा, मग पाहू", असे पालकास सांगितले जाते. यामागे कोणाचा दुष्टपणा नसतो. कायद्याची अर्धवट माहिती असते.

कायद्यात दोन शब्द आहेत. एक 'दिव्यांग व्यक्ती' आणि दुसरा 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती'. ज्याचे अपंगत्व वैद्यकीय अधिकाऱ्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरविले आहे, तो दुसऱ्या वर्गात येतो. ६ ते १८ वर्षे वयापर्यंत शेजारच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा कलम ३१ चा हक्क, तसेच पुस्तके व साधने मोफत मिळण्याची तरतूद, या दुसऱ्या वर्गासाठी आहेत. परंतु कलम १६ मधील शाळेची कर्तव्ये पहिल्या, म्हणजे व्यापक वर्गासाठी आहेत. तेथे टक्क्यांची अट नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा : श्रवणयंत्र मोफत मिळण्यास प्रमाणपत्र लागेल, त्या मुलास पहिल्या ओळीत बसविण्यास लागणार नाही. शिष्यवृत्तीस टक्केवारी लागेल. फळ्यावर मोठे अक्षर काढण्यास लागणार नाही. प्रमाणपत्राविना ते मूल मदतीचे पात्र नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते कायद्यास धरून नाही.

प्रमाणपत्र मिळण्यासही वेळ लागतो. आता ते आणि वैश्विक ओळखपत्र संगणकीय प्रणालीद्वारे मिळते. पूर्वीच्या नियमांत अर्जानंतर एक महिन्याचा अवधी होता, तो २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिने झाला. जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय, तेथील ठरावीक वार, बुडणारी मजुरी आणि एस्.टी.चे भाडे हे सारे लक्षात घेता एका शेतमजुराच्या घरी हा अवधी कागदावरील अवधीहून मोठा असतो. म्हणून जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलाचे प्रमाणपत्र दिवाळीनंतर आले, तर मधले पाच महिने त्याने कसे शिकावे याचा विचार आपणच केला पाहिजे.

या संदर्भात स्वतःची एक चूक सांगणे मी कर्तव्य समजतो. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, नवा शिक्षक असताना, माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तो मागे खिडकीशी बसे. हाक मारली तर उत्तर देत नसे. प्रश्न विचारला तर शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही. मी नोंदवहीत 'मंद' असा शेरा लिहिला आणि पुढे गेलो. पावसाळ्यात त्याचा कान वाहत असे, हे मी पाहिले होते; त्याची आई कानात तेल घालते, हेही मला ठाऊक होते. या दोन गोष्टी मी एकत्र जोडल्या नाहीत. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनी एका आठवडी बाजारात तो मला दिसला. मी मागून नावाने हाक मारली, तो वळला नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्याने ओळखले आणि वाकून नमस्कार केला. त्या क्षणी माझा शेरा मला आठवला. त्या वेळी १९९५ चा कायदा व्हावयाचा होता, अशी सबब मी स्वतःस देऊ शकतो. परंतु समोर उभे राहून बोलण्यास कोणता कायदा लागत होता?

४. निधी कसा येतो आणि कोठे अडतो

सर्व शिक्षा अभियानात, २०००-०१ नंतर, विशेष गरजा असलेल्या दर बालकामागे वर्षास १२०० रुपयांपर्यंत तरतूद होती. पुढे ती ३००० रुपये झाली आणि त्यांतील किमान १००० रुपये विशेष शिक्षकांच्या नेमणुकीसाठीच वापरावेत, असे बंधन होते. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक-शिक्षणाची योजना एकत्र करून 'समग्र शिक्षा' ही योजना आली. तिच्यात ही मर्यादा ३५०० रुपये झाली आणि पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे वर्षात दहा महिने प्रोत्साहन भत्त्याची तरतूद करण्यात आली. या योजनेत आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला. २०२१ मध्ये तिला जी मंजुरी मिळाली ती ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या मुदतीची होती.

या आकड्यांविषयी तीन गोष्टी शिक्षकाने समजून घ्याव्यात.

पहिली, ३५०० रुपये ही प्रत्येक मुलाच्या हाती द्यावयाची रक्कम नव्हे. ती आराखडा करताना धरावयाची मर्यादा आहे. तपासणी शिबिरे, साहित्य-साधने, ब्रेल पुस्तके, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, प्रशिक्षण अशा अनेक बाबी त्यांतून भागतात. म्हणून "माझ्या मुलाचे साडेतीन हजार कोठे गेले?" असे पालकाने विचारल्यास त्यास रागावू नये, हे समजावून सांगावे.

दुसरी, आराखडा शाळेने भरलेल्या संख्येवरून होतो. यू-डायसच्या नोंदीत ज्या मुलाच्या नावापुढे अपंगत्वाचा प्रकार नोंदविला नाही, ते मूल योजनेच्या दृष्टीने अस्तित्वात नाही. एका शाळेत पायाने अधू असलेली एक मुलगी होती. तिची आई तिला रोज पाठुंगळी घेऊन दीड किलोमीटर येत असे. गावातील प्रत्येकास हे ठाऊक होते. परंतु माहिती भरताना तो रकाना रिकामा राहिला आणि त्या वर्षी तिचे नाव मदतनीस भत्त्याच्या यादीत आले नाही. वरिष्ठ कार्यालयाकडेही नोंद पडताळण्याचे काम होते. तेथेही कोणाच्या लक्षात आले नाही. पुढील वर्षी नोंद दुरुस्त झाली. गेलेले वर्ष मात्र त्या आईच्या पाठीवरून गेले.

तिसरी, योजना मुदतीची असल्यामुळे प्रत्येक संक्रमणकाळात खंड पडतो. केंद्राचा हप्ता उशिरा आला की राज्याचा अडतो, राज्याचा अडला की जिल्ह्याचा. पगार लांबतात, शिबिरे पुढे जातात, श्रवणयंत्राची सेले संपतात आणि यंत्र पेटीत पडून राहते. मूल मात्र वाढत असते. आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचा कॅलिपर दहाव्या वर्षी त्याच्या पायास होत नाही.

ही स्थिती केवळ आपल्याच देशाची आहे, असे नव्हे. अमेरिकेत १९७५ मध्ये अपंग बालकांच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कायदा झाला. त्या वेळी तेथील संसदेने प्रत्येक विद्यार्थ्यामागील राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्के इतका भार मध्यवर्ती सरकार उचलील असे ठरविले. तो वाटा आजवर कधीही पूर्णपणे मिळालेला नाही. उरलेला भार राज्ये व स्थानिक शाळा-मंडळे वाहतात. तात्पर्य, हक्काचा कायदा होणे आणि त्यासाठी पुरेसा पैसा मिळणे या दोन लढाया आहेत. पहिली जिंकली म्हणजे दुसरी आपोआप जिंकली जात नाही.

५. विशेष शिक्षकाचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा आदेश दिला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, तर त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक, असे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट केले. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना ही पदे अधिसूचित करून भरण्यास पुनश्च बजावले. आपल्या राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे मानधनावर, पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही या विवंचनेत काम करणाऱ्या विशेष शिक्षकांच्या दृष्टीने हे पाऊल मोठे आहे. त्याचे स्वागत केले पाहिजे.

तथापि हिशेब करून पाहावा. एका केंद्रात बारा शाळा आहेत असे धरू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० दिवस शाळा चालते. एक विशेष शिक्षक समप्रमाणात फिरला, सभा-शिबिरांत एकही दिवस गेला नाही, तरी प्रत्येक शाळेच्या वाट्यास वर्षातून सोळा-सतरा दिवस येतात. उरलेले एकशे ऐंशीहून अधिक दिवस त्या मुलाचा शिक्षक कोण? आपणच.

म्हणून विशेष शिक्षक आले म्हणजे आपला भार उतरला, असे समजू नये. ते आले की त्यांना वर्गाबाहेर मुलाजवळ एकटे बसवून आपण दुसऱ्या कामास लागणे, ही प्रथा घातक आहे. विशेष शिक्षकाच्या त्या सोळा दिवसांचा उपयोग आपण शिकण्यासाठी करावा. ब्रेलची पाटी कशी धरावी, खुणांची भाषा कोठून आरंभावी, या मुलासाठी पुढील महिन्याचे उद्दिष्ट कोणते ठेवावे, हे त्यांना विचारावे आणि लिहून ठेवावे.

६. घरी शिक्षण : कोणाचा हक्क?

२०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. हा पर्याय बालकाचा व त्याच्या पालकांचा आहे, शाळेचा नाही. "याला घरीच असू द्या, शिक्षक घरी येतील", असे शाळेने सुचविणे म्हणजे हक्काचे रूपांतर हकालपट्टीत करणे होय. ज्या मुलाचे नाव गृहाधारित यादीत आहे, ते आपल्या पटावरीलच मूल आहे. स्नेहसंमेलनास, राष्ट्रीय सणांस, निदान आठवड्यातून एकदा त्यास शाळेत आणता येईल काय, याचा विचार व्हावा. वर्गमित्र त्याच्या घरी जाऊन गोष्ट वाचून दाखवू शकतात.

याच संदर्भात अंतराचा प्रश्न येतो. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात शाळा असावी, असे आहे. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार पुढे आला, त्या वेळी वाहनाची सोय करण्याचे बोलले गेले. धडधाकट मुलाच्या दृष्टीने दोन किलोमीटर म्हणजे धावत जाण्याची वाट. चाकाच्या खुर्चीतील मुलाच्या दृष्टीने तो शाळेचा शेवट असू शकतो. असा प्रस्ताव आपल्या गावासंबंधी कधी विचारार्थ आला, तर दिव्यांग बालकांची नावे, घरे व अंतरे लेखी स्वरूपात प्रथम मांडावीत. तो दुराग्रह होत नाही. ती कर्तव्याची नोंद होते.

७. शाळेने करावयाची कामे

निधीची वाट पाहण्यात वर्ष घालवू नये. पुढील कामे प्रत्येक शाळेस शक्य आहेत.

(अ) निरीक्षण. जून-जुलैत प्रत्येक मुलाकडे या दृष्टीने एकदा पाहावे. पुस्तक डोळ्यांजवळ नेते काय? फळ्यावरून उतरविताना चुकते, पण तोंडी बरोबर सांगते काय? बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते काय? कान वाहतो काय? तोंडी हुशार असून लिहिताना 'घ' व 'ध', 'भ' व 'म', '३' व '६' यांची अदलाबदल तिसरीतही करते काय? पहिलीत अशी अदलाबदल पुष्कळ मुले करतात, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. निदान करणे हे वैद्याचे काम. लक्षण पाहून नोंदविणे आपले.

(आ) आरोग्य तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत यावयाचे असते. ते येण्यापूर्वी आपल्या निरीक्षणाची यादी तयार असावी. पथकासमोर सर्व मुले रांगेने नेण्यापेक्षा या यादीतील मुले प्रथम दाखवावीत आणि पुढे पाठविलेल्या मुलाचे काय झाले, याचा पाठपुरावा ठेवावा.

(इ) नोंद. यू-डायसमधील माहिती भरल्यावर ती विशेष शिक्षकाच्या यादीशी ताडून पाहावी. मूल दुसऱ्या शाळेत जाताना दाखल्यासोबत त्याची अपंगत्वविषयक नोंद, वापरातील साधने व आतापर्यंतची प्रगती यांचे एक पान जोडावे. सातवीनंतर मूल माध्यमिक शाळेत जाते आणि तेथे सारे पुन्हा आरंभापासून सुरू होते. ते एक पान त्याचे वर्ष वाचवील.

(ई) शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाचा आधार मानावयाचा आहे. उतरंड, कठडा, दिव्यांगांस वापरता येईल असे शौचालय या गोष्टी त्यात मोजमापासह लिहाव्यात. जे मागितले नाही, ते न मिळाल्याची तक्रार करता येत नाही.

(उ) ग्रामपंचायतीचा निधी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. रक्कम लहान असेल. तथापि श्रवणयंत्राची सेले अथवा चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती त्यातून होण्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत अर्ज करावा.

(ऊ) तक्रारीचा मार्ग. हक्क डावलला गेल्यास पालकास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. हा मार्ग पालकास सांगणे म्हणजे खात्याविरुद्ध चिथावणी देणे नव्हे. कायदा सांगणे हेही शिक्षकाचेच काम आहे.

८. समारोप

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख व्यक्तींना अपंगत्व असल्याची नोंद झाली. त्या वेळी मोजलेल्या प्रकारांपेक्षा आज कायद्याने मानलेले प्रकार कितीतरी अधिक आहेत. म्हणजे ज्यांची गणतीच झाली नाही, अशी मुले आपल्या वर्गांत बसलेली असणार.

योजनांची नावे यापुढेही बदलतील. आकडे वाढतील, कमी होतील. कधी हप्ता वेळेवर येईल, कधी येणार नाही. त्याविषयी आपण संघटितपणे व सनदशीर मार्गाने बोलत राहिले पाहिजे. निधीवाचून सारे चालेल, असे सांगण्याचा या लेखाचा हेतू मुळीच नाही. ब्रेल पुस्तक, कॅलिपर, श्रवणयंत्र व प्रशिक्षित विशेष शिक्षक यांची जागा शिक्षकाची सदिच्छा घेऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षा कोणी आपल्याकडून केल्यास ती अन्यायाची होईल. परंतु सदिच्छा नसेल तर आलेले श्रवणयंत्रही कपाटातच राहते, हेही आपण पाहिले आहे. निधी मागण्याचा अधिकार जो शिक्षक रोज समोर उभा राहून बोलतो, त्याच्या तोंडी अधिक शोभतो.

परिषदेतील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकाचे नाव यू-डायसमध्ये व विशेष शिक्षकाच्या यादीत सारखेच आहे काय? नसल्यास कारण काय?

२. प्रमाणपत्र नसलेल्या परंतु अडचण दिसणाऱ्या एका बालकाची निवड करा. त्याच्यासाठी उद्यापासून, कोणत्याही खर्चावाचून, कोणते तीन बदल करता येतील?

३. गृहाधारित यादीतील बालकाचे नाव कोणाच्या इच्छेने त्या यादीत आले? पालकांशी बोलून खात्री करा.

४. विशेष शिक्षकाच्या मागील तीन भेटींत आपण स्वतः काय शिकलात, ते लिहून आणा.

५. शाळा विकास आराखड्यात दिव्यांग बालकांसाठी कोणती बाब मोजमापासह लिहिली आहे? नसल्यास पुढील सभेचा ठराव तयार करा.

— शिक्षण विस्तार अधिकारी